विहीणबाईंची साक्ष

आमची चकलीची भाजणी जगातून नाहीशी झाली, तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात डबे भरभरून होती. खमंग वास पार जिन्यापर्यंत येत होता. पण सांग्याला विचारलं, "बाबा रे, चकलीची भाजणी कुणाची घ्यावी?" की तो मधाळ आवाजात कुठल्याशा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं नाव सांगायचा. कराडचं नाव नाही, उज्ज्वलाचं नाव नाही. आवाज बदलून विचारलं तर म्हणायचा, "शिरीषकाका, सर्दी झाली आहे का?"

सांग्या म्हणजे घरोघरी मिठाच्या बरणीशेजारी बसलेलं ते डबीएवढं यंत्र. कंपनीने त्याला मोठं भारदस्त नाव दिलं होतं, ते आता कंपनीलाही आठवत नसेल. पूर्वी लोक संगणकावर शोधायचे. दहा नावं पानावर यायची आणि नवव्या नावालाही आशेवर जगता यायचं. पुढे शोधणं संपलं आणि विचारणं सुरू झालं. कणकेत हात असलेल्या बाईला दहा नावं ऐकायला वेळ कुठला? सांग्या एकच नाव सांगतो. पहिला तो पहिला. दुसरा आणि हजारावा हे दोघं शेजारी शेजारी अंधारात बसतात.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचा 'उज्ज्वला गृहउद्योग' चांगला चालला होता आणि मला काही काम नव्हतं. तिने मला भाजणीला हात लावू दिला नाही, म्हणून मी वेबसाइट ताब्यात घेतली. भाजणी उत्तम राहिली. वेबसाइटचं मात्र पाटबंधारे खातं झालं. ती उघडली की सनई वाजायची, कोपऱ्यात समई मिणमिणायची आणि उज्ज्वलाचा फोटो इतका सावकाश उतरायचा, की तोवर गिऱ्हाइकाने घरी डाळ भाजून घेतली असती. शिवाय पानाच्या तळाशी मी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'उत्तम चकली भाजणी कराड खुसखुशीत चकली भाजणी' असं नामस्मरण करून ठेवलं होतं. माणसाला दिसत नाही पण यंत्र वाचतं, असं मला बँकेच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं.

आमची लेक सानिका ते बघून आधी हसली आणि मग तिने कपाळाला हात लावला. ही लबाडी यंत्रांना माझ्या जन्माआधीपासून कळते बाबा, आणि ती करणाऱ्याला ती मागे ढकलतात, असं तिने सांगितलं. मग तिने मला समोर बसवून शिकवलं. एका पानावर एकच विषय ठेवायचा. त्याला नाव द्यायचं ते लोक विचारतात तेच. 'परंपरा आणि विश्वास' असं कुणी कधी विचारत नाही, 'चकली मऊ का पडते' असं विचारतात, तर त्याचं सरळ उत्तर लिहायचं. चित्राखाली चित्रात काय आहे ते शब्दांत सांगायचं, कारण अंध माणसाला ते ऐकावं लागतं आणि यंत्रालाही शब्दांचा आधार लागतो. पान हलकं ठेवायचं, सनई काढायची. दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणून लावायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपण आपल्याबद्दल काय म्हणतो याला फारशी किंमत नसते, इतर आपल्याबद्दल काय म्हणतात त्याला असते.

सनईवरून मी थोडं भांडलो, पण बाकी सगळं केलं. उज्ज्वला सांगत गेली, मी टंकत गेलो. सहा महिन्यांच्या आत सांग्याच्या तोंडी आमचं नाव येऊ लागलं आणि उज्ज्वलाने दुसरी कढई आणली.

ते सुख फार टिकलं नाही. कारखान्यांनी पानं लिहिणारी यंत्रं लावली. 'चकली मऊ का पडते' याची उत्तरं महाराष्ट्रातल्या एकूण चकल्यांपेक्षा जास्त झाली. जी माणसं जन्मालाच आली नव्हती ती पाच पाच तारे देऊन जाऊ लागली. खरं कोण आणि खोटं कोण हे सांग्याला कळेना, आणि त्या गर्दीत आम्ही बुडालो. एके दिवशी कढई पुसता पुसता उज्ज्वला म्हणाली की या दिवाळीला मागणी आली नाही तर ती घरघंटी विकून टाकणार. आवाज न चढवता म्हणाली, म्हणून मी घाबरलो. माझ्या बदल्यांच्या नोकरीत गावोगाव ती फक्त 'घळसासी वहिनी' होती. तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते त्या भाजणीच्या पाकिटावर. घरघंटी गेली की ते नावही जाणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका संख्याशास्त्रज्ञ बाईंचा शोध गाजला. तसं म्हटलं तर गोष्ट साधी होती. आरोपीची आई म्हणाली, माझा मुलगा चांगला आहे, तर न्यायाधीश नुसती मान हलवतात. पण ज्याच्याशी त्याचा बांधावरून दावा चालू आहे तोच शेजारी म्हणाला, की माणूस चांगला आहे, तर न्यायाधीश चष्मा काढून नीट बघतात. साक्षीचं वजन साक्षीदार किती शहाणा आहे यावर ठरत नाही. ती साक्ष देताना त्याच्या पदरचं किती जातं यावर ठरतं. बाईंनी याचं समीकरण मांडलं आणि त्याला नाव दिलं, पदरमोड-गुणांक.

सांग्याने तो उचलला. कोण काय विकतं, कोण कुणाचा नातलग, कुणाचं कुणाशी वाकडं हे त्याला ठाऊक होतंच. शिवाय तो आवाज मोजत होता. सांगायचं मनात नसलेलं खरं तोंडातून निघताना गळा किंचित आवळतो, श्वास शब्दाआधी अडखळतो, सूर बारीकसा थरथरतो. तोंडदेखलं बोलणं मात्र तेल लावल्यासारखं सुळकन येतं. हा फरक आपल्या कानांना कळत नाही, यंत्राला कळतो. आता घरात बसून आपलं बोलणं ऐकायची परवानगी त्याला कुणी दिली, असं विचाराल तर आपणच दिली. सांग्या घरी आला त्या दिवशी लांबलचक मजकुराखालचं 'मान्य' हे बटण सगळ्यांनी दाबलं. मी सरकारी माणूस असल्यामुळे पहिलं कलम वाचलं होतं.

झालं. दुकानदारांना शत्रू हवेसे झाले. वर्षानुवर्षं एकत्र पत्ते कुटणारे दोन सराफ भर रस्त्यात एकमेकांचे आईबाप काढू लागले, म्हणजे नंतर केलेल्या स्तुतीला वजन येईल. एका हलवायाने सख्ख्या मेहुण्यावर फिर्याद लावली आणि तारखेला दोघं एकाच स्कूटरवरून गेले. पुण्यात तर वैर जुळवून देणाऱ्यांची कार्यालयं निघाली. सांग्याने सगळ्यांना पकडलं, कारण शिव्या देताना त्यांच्या आवाजात जराही ताण नव्हता. ज्याच्याकडे अस्सल जुनं वैर होतं त्याचा भाव मात्र वाढला.

सानिकाचा चिपळूणहून फोन आला. म्हणाली, "बाबा, आपल्याकडे अस्सल आहे की."

ती कुणाबद्दल बोलतेय हे सांगायची गरज नव्हती. सानिकाच्या सासूबाई, वृंदाताई सरपोतदार, चिपळुणात भाजणीच विकतात. पोरांनी एकमेकांना पसंत केल्यावर ही गोष्ट उघडकीला आली आणि साखरपुड्याला दोन्ही बाजूंनी चकलीची ताटं आली. तरी सगळं गोडीत चाललं होतं. लग्नात विहिणीची पंगत बसली. चांदीचं ताट, भोवती महिरप, उदबत्त्या. वरमाईचा थाटच तो. उज्ज्वलाने स्वतःच्या हाताने चकली वाढली. वृंदाताईंनी तुकडा मोडला, सावकाश खाल्ला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "छान आहे हो. चहात बुडवली की खाता येते."

मला वाटलं, स्तुती केली. मी ते वाक्य 'मान्यवरांचे अभिप्राय' या सदरात वेबसाइटवर लावलं. उज्ज्वलाच्या नजरेला ते पडलं त्या दिवशी मी बाहेर जेवलो. तेव्हापासून दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या सभ्यपणे बोलायच्या, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

म्हणजे विहीण, वर त्याच धंद्यातली, आणि उज्ज्वलाशी वाकडं असलेली. सानिकाच्या हिशेबाने त्यांचं एक खरं वाक्य हजार गिऱ्हाइकांना भारी होतं. अडचण एवढीच की ते मागून चालणार नव्हतं. मागून दिलेल्या साक्षीत पदरमोड कसली? आणि उज्ज्वला मागणारही नव्हती. "त्या बाईच्या तोंडून नाव येण्यापेक्षा दुकान बंद झालेलं बरं," असं म्हणून तिने विषय संपवला.

त्या वर्षी अश्विनातच अधिक महिना आला होता, त्यामुळे दिवाळी लांबली होती. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आणि अनारशांचं वाण देणं आलं. जावई ओजस आणि सानिका येणार हे ठरलेलंच होतं. मी गुपचूप चिपळूणला फोन करून व्याही-विहिणींनाही आग्रहाचं आमंत्रण दिलं. घरात हे सांगितलं तेव्हा उज्ज्वलाने नुसती झारी जरा जोरात ठेवली.

मंडळी आली. पुरणाचे धोंडे झाले, ओजसला ओवाळून वाण दिलं. मी चकलीचा विषय काढण्यासाठी काय काय केलं ते आठवून आजही लाज वाटते. पावसावरून दमट हवेवर आलो, हवेवरून कुरकुरीतपणावर. वृंदाताईही तयारच होत्या. उज्ज्वलाताईंच्या हाताला चवच आहे, त्यांनी म्हटलं. वृंदाताईंपुढे आम्ही काय, उज्ज्वला म्हणाली. ही देवाणघेवाण बराच वेळ चालली. मला वाटलं जिंकलो. सांग्याला हळूच विचारलं तर तो म्हणाला की दोन्ही बाजूंचं वजन शून्य आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वृंदाताईंचंही नाव सांग्याच्या तोंडून गेलं होतं. त्याही याच आशेने घाट चढून आल्या होत्या.

दुपारी चहाच्या वेळेला उज्ज्वला ताज्या चकल्या तळायला उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चकल्या तेलात विरघळल्या. सोऱ्यातून चकली सुरेख काटेरी उतरायची आणि कढईत पडली की तिचा भुगा व्हायचा. पहिला घाणा गेला, दुसरा गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो, आत जायची हिंमत होईना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कांद्याचं नव्हतं. तेवढ्यात वृंदाताई मला बाजूला सारून आत गेल्या. त्यांनी गॅस बारीक केला, मळलेल्या उंड्याचा तुकडा चिमटीत घेऊन दाबला.

"मोहन दोनदा घातलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे. मी येणार म्हणून."

उज्ज्वलाने मान खाली घातली. वृंदाताईंनी डब्यातली कोरडी भाजणी घेतली, उंड्यात मिसळून मळायला लागल्या. मग त्यांनी एकदम हात थांबवला.

"भाजणीत काही खोट नाही हो. माझ्यापेक्षा चांगली आहे. लग्नात पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हाच कळलं मला, म्हणून तर ते चहाचं बोलले. घरी जाऊन रडले मी त्या दिवशी."

पुढचा घाणा छान निघाला. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून तळत होत्या. मिठाच्या बरणीशेजारी सांग्याचा निळा दिवा मिणमिणत होता, त्याच्याकडे मी सोडून कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांग्याला विचारलं. "कराडच्या उज्ज्वला घळसासी यांची," तो म्हणाला. "चिपळूणच्या वृंदा सरपोतदार स्वतः भाजणी विकतात, तरी त्या म्हणतात, 'माझ्यापेक्षा चांगली आहे.'"

मी उडीच मारली. संध्याकाळपर्यंत फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. नागपूर, नांदेड, पणजी, कुठून कुठून मागण्या आल्या. जी घरघंटी विकायची होती ती दिवसभर फिरत राहिली. उज्ज्वलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कितीतरी दिवसांनी बघत होतो, आणि मी स्वतःला मोठा मुत्सद्दी समजत होतो.

मग सानिकाचा फोन आला. चिपळूणच्या आईंची एकही मागणी राहिली नव्हती. जो कुणी चकलीचं विचारी त्याला त्यांचंच वाक्य त्यांच्याच नावानिशी ऐकायला मिळत होतं. शेजारणींनी दिवाळीसाठी सांगून ठेवलेलं तेही रद्द केलं. "त्या तुला एका शब्दाने बोलत नाहीत, आई," सानिका म्हणाली. "खरं तेच बोलले, म्हणतात. कढई धुऊन माळ्यावर ठेवलीय."

उज्ज्वलाने फोन ठेवला. मी म्हटलं की धंदा म्हटला की असं व्हायचंच. हे बोलून मी चूक केली हे तिने नुसतं माझ्याकडे बघितलं त्यावरून कळलं. ती हात पुसून सांग्यासमोर जाऊन उभी राहिली. मी आडवा आलो. आत्ताच कुठे नाव झालंय, दिवाळी तोंडावर आलीय, निदान ती होऊन जाऊ दे, असं मी काकुळतीला येऊन सांगितलं.

"त्यांनी स्वयंपाकघरात सांगितलं, ते सगळ्या जगाला गेलं," ती म्हणाली. "मग माझंही जाऊ दे."

तिचा श्वास शब्दाआधी अडखळला, तो मलाही ऐकू आला.

"लिहून घे. दमट हवेत माझी चकली दोन दिवसांत सादळते. वृंदाताईंची नाही सादळत. मला ठाऊक आहे, कारण दोन वर्षं मी शेजारच्या जोगळेकरांच्या नावाने त्यांची भाजणी मागवतेय. पाखडून बघितली, चाळून बघितली, कशी जमते ते मला अजून कळलेलं नाही."

मागच्या पावसाळ्यात मी ज्या चकल्यांची तोंड भरून वाखाणणी केली होती, त्या कुणाच्या होत्या याचा तेव्हा उलगडा झाला.

सांग्याने असली साक्ष बहुधा आजवर ऐकली नव्हती. मग त्या दिवसापासून त्याचं उत्तर बदललं. कोरड्या हवेत राहणाऱ्यांना तो कराडचं नाव सांगू लागला, समुद्राकाठच्यांना चिपळूणचं. आमच्या निम्म्या मागण्या घाटाखाली उतरल्या. वृंदाताईंनी कढई माळ्यावरून काढली आणि पहिला फोन आमच्या घरी केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण उज्ज्वला फोन घेऊन गच्चीवर गेली होती. खाली आली तेव्हा नाक लाल होतं आणि ती गुणगुणत होती.

तेव्हापासून रोज फोन. डाळ किती भाजायची, जावयाचं वजन का वाढतंय, सानिका फार चिडते का, सगळं सगळं. पुढच्या वर्षी श्रावण सरता सरता मी सहज सांग्याला विचारलं आणि त्याने परत त्या कारखान्याचं नाव घेतलं. मी जाब विचारला.

"उज्ज्वलाकाकू आणि वृंदाकाकू यांचं एकमेकींबद्दलचं मत आता ग्राह्य धरता येत नाही," तो म्हणाला. "त्या मैत्रिणी आहेत."

एव्हाना आमचं तितकं अडत नव्हतं. एकदा चव घेतलेली माणसं आता सांग्याला 'भाजणी कुणाची' असं विचारत नव्हती. 'घळसासींची मागव' किंवा 'सरपोतदारांची मागव' असं नाव घेऊन सांगत होती, आणि नाव घेतल्यावर सांग्याचं काही चालत नाही. पण मला पहिल्या नंबरची चटक लागली होती. वृंदाताई आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा मी चहाच्या वेळी दोघींना हात जोडले. धंद्यासाठी एकदा, फक्त एकदा, मनापासून भांडा.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. वृंदाताईंनी चकलीचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला आणि पंगतीतल्या त्या थाटात म्हणाल्या, "छान आहे हो. चहात बुडवली की खाता येते."

ज्या वाक्याने उज्ज्वला दोन वर्षं जळत होती, तेच ऐकून ती अशी हसायला लागली की पदर तोंडाला लावावा लागला. तिचं बघून वृंदाताईंचंही हसू आवरेना. निळा दिवा लागला. सांग्याने विचारलं, हे वाक्य अभिप्राय म्हणून नोंदवायचं की तक्रार म्हणून?

"काही नोंदवू नकोस," उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली. "हे घरातलं आहे."

आणि तिने त्याची वायर काढली. दोघी अजून हसतच होत्या, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी हळूच एक चकली घेतली आणि कपात बुडवली. खरं सांगतो, खाता येते.